व्हिसा नको म्हणजे काय?

(शिरोडा येथे प्रौढ साक्षर वर्गापुढे केलेले भाषण)



आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या कोकणात आंब्याच्या बागांतून राखणीला नेपाळी गडी असतात. कोणी एकटे येतात, कोणी बायकामुलांना घेऊन येतात. हंगाम संपला की कित्येक जण आपल्या मुलुखात परत जातात. नेपाळ हा तर वेगळा देश. त्याचे सरकार वेगळे, त्याचे नाणे वेगळे. मग हा गडी भारतात आला कसा? त्याला कोणी अडवले कसे नाही?

आता दुसरी बाजू पाहा. आपल्यातला एखादा मुलगा मस्कतला किंवा दुबईला कामाला निघाला, तर केवढी खटपट! पासपोर्ट पाहिजे, व्हिसा पाहिजे, डॉक्टरची तपासणी पाहिजे. महिनोन् महिने धावपळ चालते.

एकाला वाट उघडी आणि दुसऱ्याला इतकी दारे. असे का? नेपाळी गडी कोणी मोठा असामी आहे म्हणून नाही, आणि आपला मुलगा वाईट आहे म्हणूनही नाही. ही सारी दोन सरकारांमधल्या कराराची गोष्ट आहे. तोच करार आज आपल्याला समजून घ्यायचा आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. पासपोर्ट आणि व्हिसा.

पासपोर्ट आपल्याला आपले सरकार देते. त्यात आपले नाव, जन्मतारीख आणि फोटो असतो. ‘हा माणूस आमचा आहे, त्याला सांभाळून घ्या,’ असे आपले सरकार त्यातून परक्या देशाला सांगते. व्हिसा मात्र आपले सरकार देत नाही. ज्या देशात जायचे, त्या देशाचे सरकार तो देते. ‘या, आमची हरकत नाही. इतके दिवस राहा, अमुक कामासाठी राहा,’ असे ते सरकार सांगते. थोडक्यात, पासपोर्ट म्हणजे आपली ओळख आणि व्हिसा म्हणजे यजमानाची परवानगी.

काही देश आपसांत ठरवतात, की तुमच्या माणसांनी आमच्याकडे येताना आधी परवानगी मागायला नको, आमच्या माणसांनीही तुमच्याकडे येताना मागायला नको. असे लिहून त्यावर दोघे सह्या करतात. याला म्हणतात व्हिसामाफीचा करार.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला करार कशाला? माणूस चालत आला, चालत गेला. त्यात काय मोठे? पण करार नसला म्हणजे काय होते, ते आपल्या शिरोड्याच्या शेजारीच घडून गेले आहे.

शिरोड्याहून दक्षिणेला निघालात की रेडी लागते. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला. किल्ल्याच्या पायथ्याशी तेरेखोलची नदी समुद्राला मिळते. नदीपलीकडे केरी. हा किल्ला पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो घेतला. म्हणून तो नदीच्या आपल्या अंगाला असूनही गोव्यात मोडतो.

नदी काही देश ओळखत नाही. दोन्ही तीरांवर माणसे तीच, बोली जवळजवळ तीच. इकडची मुलगी तिकडे दिलेली, तिकडची इकडे आणलेली. इकडच्या कित्येक घरांचे कुलदैवत गोव्यात. कोणाचे मंगेशीला, कोणाचे कवळ्याच्या शांतादुर्गेला. पण राज्ये मात्र दोन. नदीच्या या बाजूला भारत, त्या बाजूला पोर्तुगाल.

१९४७ साली भारत स्वतंत्र झाला. गोवा पोर्तुगालकडेच राहिला. १९५० साली भारत सरकारने पोर्तुगालला लिहिले, की या, बसू, बोलू आणि गोव्याचा प्रश्न मिटवू. पोर्तुगालने बोलायलाच नकार दिला. तेढ वाढत गेली. १९५४ साली भारत सरकारने गोव्याच्या जाण्यायेण्यावर परवान्याचे निर्बंध घातले. पुढच्या वर्षी व्यापार आणि वाहतूकही तोडली. जी नदी होडीने ओलांडून लोक सोयऱ्यांकडे जात, तिच्या काठावर आता कागद दाखवावा लागू लागला.

लोक गप्प बसले नाहीत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याचे मिठागर साऱ्या देशात गाजले होते. तीच वाट गोव्याच्या सत्याग्रहींनी धरली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी काही सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा लावला. पोर्तुगिजांनी त्यांना पकडले. पुढच्या वर्षी त्याच दिवशी हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत गेले. पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसपेक्षा अधिक माणसे मेली. शेवटी १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. आज आरोंद्याहून किरणपाणीला पुलावरून जाता येते. कोणी थांबवून ‘कागद दाखव’ म्हणत नाही, कारण दोन्ही तीर एकाच देशाचे झाले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण काय? टाळी एका हाताने वाजत नाही. करार व्हायला दोघे एका घोंगडीवर बसावे लागतात. एकाने बसायचेच नाही म्हटले, की झळ कोणाला लागते? गरिबाला लागते. राजधानीतल्या साहेबाला आपल्या बहिणीकडे जायला नदी ओलांडायची नसते.

आता करार झाला म्हणजे काय होते, ते पाहू.

३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांनी मैत्रीचा करार केला. सह्या काठमांडूला झाल्या. या कराराचे सातवे कलम आपल्या कामाचे आहे. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहता यावे, हिंडता-फिरता यावे, व्यापारधंदा करता यावा, असे त्यात म्हटले आहे. भारत आणि नेपाळ यांची सरहद्द सुमारे साडेसतराशे किलोमीटर लांब आहे. तिच्या काठावरचे लोक फार पूर्वीपासून येत-जात होते. कराराने त्या चालत्या वाटेला सरकारी लेख मिळाला. म्हणूनच नेपाळी गड्याला कोकणात यायला व्हिसा लागत नाही. आपल्यालाही पशुपतिनाथाला जायला तो लागत नाही.

पण व्हिसा नको म्हणजे कागदच नको, असे समजू नका. विमानाने नेपाळला जायचे तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र लागते. आपण मत द्यायला नेतो तेच ते कार्ड. नुसत्या आधार कार्डावर सर्वांना जाता येत नाही. हे ठाऊक नसेल, तर विमानतळावरून परत फिरायची पाळी येते.

आता जरा दूर जाऊ. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा एक चिमुकला देश आहे. त्यात शेंगेन नावाचे एक खेडे आहे. नदीकाठ आणि द्राक्षांचे मळे, असे ते गाव. तिथे तीन देशांच्या सीमा भेटतात. १४ जून १९८५ रोजी त्या नदीतल्या एका बोटीवर पाच देशांच्या प्रतिनिधींनी एक करार केला. आपल्या आपसांतल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असे ठरले. त्या पाचांत फ्रान्स आणि जर्मनी होते. याच दोन देशांचे सैनिक पूर्वी दोन महायुद्धांत एकमेकांना मारत होते!

करार झाला आणि दुसऱ्या दिवशी वाटा उघडल्या, असे झाले नाही. दहा वर्षे तयारीत गेली. १९९५ साली सात देशांमधल्या तपासण्या उठल्या. त्या सातांत पोर्तुगालही होता. होय, तोच पोर्तुगाल. गोव्याबद्दल जो बोलायला तयार नव्हता, त्याने १९७४ साली करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केले. आणि १९९५ साली आपल्या शेजारच्या स्पेनशी असलेली वाट मोकळी केली. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. तिथला माणूस आपण सावंतवाडीहून पेडण्याला जावे तसा एका देशातून दुसऱ्या देशात जातो. आपल्याला मात्र तिथे जायला व्हिसा लागतो. फक्त एका व्हिसावर सगळे २९ देश पाहता येतात. त्या व्हिसाला त्या खेड्याचेच नाव पडले आहे. एवढेसे गाव, पण नाव साऱ्या जगात गेले.

हे सारे ऐकायला छान वाटते. पण आता मी तुम्हाला सावध करणार आहे. कारण ‘व्हिसा नको’ या दोन शब्दांवर कित्येक माणसे फसली आहेत.

आपल्या घराचेच उदाहरण घ्या. खळ्यात कोणीही येतो. पाहुणा आला तर त्याला पडवीत बसवतो, पाणी देतो, पान देतो. पण पडवीत बसवले म्हणून तो थेट माजघरात जाऊन फडताळ उघडील काय? उघडील तर आपण त्याला काय म्हणू? परक्या देशाचेही तसेच असते. ‘व्हिसा नको’ म्हणजे बहुधा एवढेच, की या, चार दिवस बसा, देश पाहा आणि परत जा. नोकरी करा, असा त्याचा अर्थ नव्हे. नेपाळसारखा करार विरळा. बाकी देशांत पाहुणा म्हणून गेलेल्याने नोकरी धरली, तर तो गुन्हा ठरतो.

प्रत्येक देशाच्या अटी वेगळ्या असतात. भूतानला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण परवाना काढावा लागतो. शिवाय भारतीय पाहुण्याकडून दर रात्रीचे १२०० रुपये घेण्याचा नियम तिथे २०२२ साली झाला. आता कर्तारपूरचे पाहा. शीख बांधवांचे ते मोठे ठिकाण पाकिस्तानात, सरहद्दीला लागून आहे. तिथे जायला २०१९ साली दोन्ही देशांनी व्हिसाशिवाय वाट काढून दिली. पण अटी होत्या. पासपोर्ट जवळ हवा. माणशी २० डॉलर द्यायचे. सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे. गुरुद्वारा सोडून पुढे जायचे नाही. पुढे २०२५ च्या मे महिन्यात दोन देशांत लढाईची वेळ आली आणि भारताने ती वाट बंद केली. म्हणजे बघा, दिलेली सवलत परतही घेतली जाते.

काही वेळा करार नसतोच. एक देश आपल्या मर्जीने दार उघडतो. पर्यटक यावेत, चार पैसे मिळावेत, हा त्यातला हेतू. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना अशी सवलत दिली, तीही ठराविक मुदतीपुरती. ज्याने मर्जीने दिले, तो मर्जीने काढूनही घेऊ शकतो.

इराणचे तसेच झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत इराणने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. अटी स्पष्ट होत्या. विमानानेच यायचे, पर्यटनासाठीच यायचे, पंधरा दिवसांहून अधिक राहायचे नाही. पण लबाड दलालांनी याचा गैरफायदा घेतला. ‘इराणात नोकरी देतो’ किंवा ‘तिथून पुढे दुसऱ्या देशात नेतो’ असे सांगून त्यांनी माणसे नेली. तिथे पोचल्यावर काहींना पळवून कोंडले आणि सोडण्यासाठी घरच्यांकडे पैसे मागितले. शेवटी २०२५ च्या नोव्हेंबरात इराणने ती सवलतच थांबवली.

थायलंडनेही २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसा माफ केला होता. दलालांनी तिथेही तोच खेळ केला. ‘कॉम्प्युटरची नोकरी, भरपूर पगार’ असे सांगून तरुण मुलांना थायलंडला नेले. तिथून गुपचूप सरहद्द ओलांडून म्यानमारात घातले आणि कोंडून ठेवले. त्यांच्याकडून काय करून घेतले? फोनवरून लोकांना फसवण्याचे काम. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या सरकारने विमाने पाठवून अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. ही मुले अडाणी नव्हती. कित्येक जण शिकलेले होते. पण त्यांनी नियम वाचला नाही, दलालाचे तोंड वाचले.

आता आखाती देशांबद्दल सांगतो. तो आपल्या घरातला विषय आहे. सौदी अरब, कुवेत, कतार, ओमान या देशांत नोकरीला जायचे तर नोकरीचाच व्हिसा लागतो. दलाल म्हणतो, ‘आधी फिरायच्या व्हिसावर चला, मग तिथे बघू.’ हे कधीही ऐकू नका. फिरायच्या व्हिसावर काम करणाऱ्याला तिथला कायदा कामगार समजत नाही. पगार बुडाला तर दाद मागणे फार कठीण. उलट, त्यालाच तुरुंगाची भीती.

आणि हे नीट लक्षात ठेवा. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा ‘ई. सी. आर.’ अशी खूण असते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या पासपोर्टावर ती असेल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ही खूण तुमच्या रक्षणासाठी आहे. अशा माणसाला आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी आपल्या सरकारची मंजुरी घ्यावी लागते. तसा १९८३ चा कायदा आहे. नोकरी खरी आहे का, पगार किती, मालक कोण, हे सरकारी अधिकारी तपासतात. फिरायच्या व्हिसाला मात्र ही तपासणी नसते. दलाल त्याच व्हिसावर का नेऊ पाहतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. त्याला तपासणी चुकवायची असते.

परदेशी नोकरी देणाऱ्या दलालाची सरकारात नोंद असावी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी जागी मोबाईलवर ती नोंद पाहता येते. नोंद असलेल्या दलालालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आणि त्याने पावती दिलीच पाहिजे. जो पावती देत नाही, त्याला पैसे देऊ नका. मग तो गाववाला असो की पाहुण्यातला.

आणखी एक गोष्ट, तुम्ही आता वर्तमानपत्र वाचू लागला आहात म्हणून सांगतो. ‘भारत आणि अमुक देश यांच्यात व्हिसामाफीचा करार’ अशी बातमी अधूनमधून येते. ती वाचून लगेच पेटी बांधू नका. बातमी शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा हा करार फक्त वकिलातीतल्या आणि सरकारी कामावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी असतो. त्यांचे पासपोर्ट वेगळ्या रंगाचे असतात. वकिलातीतल्यांचा तपकिरी लाल, सरकारी कामावर जाणाऱ्यांचा पांढरा. आपला साध्या माणसाचा पासपोर्ट गडद निळा. करार कोणत्या पासपोर्टासाठी आहे, ते बातमीत लिहिलेले असते. पण ते बहुधा खाली, बारीक अक्षरांत.

म्हणून हाताच्या पाच बोटांवर पाच प्रश्न मोजून ठेवा.

पहिला, ही सवलत कोणासाठी आहे? आपल्या निळ्या पासपोर्टासाठी आहे का?

दुसरा, कशासाठी आहे? फिरायला, देवदर्शनाला की कामाला?

तिसरा, किती दिवसांसाठी आहे? मुदतीहून एक दिवस जास्त राहिले तरी दंड होऊ शकतो.

चौथा, कोणते कागद लागतील? पासपोर्टाची मुदत किती उरली आहे? परतीचे तिकीट लागते का?

पाचवा, ही सवलत आजही चालू आहे का? गेल्या वर्षीचे ऐकून या वर्षी निघू नका.

या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी पाहा. तोंडी घेऊ नका. मजकूर इंग्रजीत असेल, तर शिकलेल्या मुलाकडून किंवा शाळेतल्या गुरुजींकडून मराठीत सांगून घ्या. ज्या कागदाचा अर्थ कळला नाही, त्यावर सही करू नका. पासपोर्टाची नक्कल घरी ठेवा. मालकाचा पत्ता आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर घरच्या माणसांकडे लिहून द्या. परमुलुखात अडचण आली, तर आपली वकिलात हेच आपले सरकारी घर.

भगिनींनो, हे विशेषकरून तुम्हाला सांगतो. घरातला माणूस परदेशी निघाला की दागिने बहुधा तुमचेच गहाण पडतात. मग त्याचा व्हिसा कामाचा आहे की फिरायचा, हे विचारायचा हक्कही तुमचाच. पैसे देण्याआधी विचारा. कागद हातात घेऊन विचारा.

पूर्वी आपल्यातले कित्येक जण कागदावर अंगठा उठवीत. कागदात काय आहे ते दुसराच सांगे आणि आपण मान डोलवायची. आता तुम्ही वाचायला शिकला आहात. दोन देश करार करतात, तेव्हा एकेका शब्दावर चार-चार दिवस खल करतात. तो करार ज्याच्यासाठी केला, त्या माणसाने तो घटकाभर बसून वाचू नये काय?

जग पाहावे. कोकणचा माणूस समुद्राला कधी भ्याला नाही. जरूर जा, कमवा, सुखरूप परत या. पण निघण्याआधी कागद वाचून निघा.

जय हिंद!